‘ओसाड वर्ष’ : एका विडंबनाचा इतिहास

विडंबन हे बहुधा दुर्बळाचे शस्त्र समजले जाते. १९६२ साली मात्र अमेरिकेतील एका बलाढ्य रसायन-कंपनीने ते एका लेखिकेविरुद्ध उचलले.

त्या वर्षी जूनमध्ये सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासक रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे लेखन ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात क्रमशः आले आणि सप्टेंबरमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. डीडीटीसारखी कीटकनाशके माती, पाणी व अन्न यांतून पक्ष्यांपर्यंत आणि माणसापर्यंत कशी पोहोचतात, याचे ते साधार विवेचन होते. ग्रंथाचा प्रारंभ मात्र एका रूपककथेने होतो : एका समृद्ध गावावर अवकळा पसरते, पाखरांचा किलबिलाट थांबतो आणि वसंत मुका होतो. असे गाव प्रत्यक्षात नाही, परंतु यातील प्रत्येक आपत्ती कोठे ना कोठे घडून गेली आहे, असे कार्सन तेथेच स्पष्ट करतात. वाचकांत खळबळ उडाली. वृत्तपत्रांकडे व शासनाकडे निषेधाच्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

उद्योगाचे पहिले उत्तर कायद्याच्या भाषेत होते. वेल्सिकोल कंपनीने ऑगस्टमध्येच प्रकाशकांना पत्र पाठवून न्यायालयीन कारवाईची सूचक धमकी दिली. एके काळी डीडीटीचे उत्पादन केलेल्या मॉन्सॅन्टोने निराळी वाट धरली. तिच्या नियतकालिकात ऑक्टोबरमध्ये ‘द डेसोलेट इयर’, म्हणजे ‘ओसाड वर्ष’, हा लेख आला. कार्सन यांच्या रूपककथेचीच धाटणी उचलून त्यात कीटकनाशकांविना एक वर्ष कल्पिले होते : किडी पिके फस्त करतात, घरादारांत शिरतात, उपासमार व रोगराई माजते. त्याच्या सुमारे ५,००० प्रती संपादकांना व ग्रंथपरीक्षकांना धाडण्यात आल्या.

विडंबन म्हणून लेख चतुर होता. त्याने रंगविलेली भीतीही निराधार नव्हती. परंतु त्याचा नेम चुकला. कीटकनाशके कधीच वापरू नयेत, असे कार्सन यांनी म्हटलेच नव्हते. त्यांचा आक्षेप अंधाधुंद वापरावर होता. त्यांच्या कल्पित गावामागे घडलेल्या घटना होत्या, तर विडंबनातील वर्षामागे कोणीही न केलेली मागणी होती. शिवाय ज्या शैलीचा उपहास करावयाचा, तिचे सामर्थ्य अनुकरणाने आपोआपच मान्य झाले.

मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने कार्सन यांच्या प्रतिपादनाला बहुतांशी दुजोरा दिला. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली ती १९७२ साली.

या वादाची खरी कसोटी भारताच्या अनुभवात दिसते. १९५३ पासूनच्या डीडीटी फवारणीने येथे हिवतापाच्या रुग्णांची नोंद १९६५ पर्यंत सुमारे एक लाखावर उतरली. असंख्य प्राण वाचले. या अनुभवाने ‘ओसाड वर्षा’ची भीती खरी ठरते. परंतु १९७६ साली हीच नोंद चौसष्ट लाखांवर गेली. फवारणीतील शैथिल्याबरोबरच डासांत निर्माण झालेली प्रतिकारशक्ती हेही त्याचे एक कारण होते. या प्रतिकारशक्तीचा इशारा कार्सन यांनी आपल्या ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण लिहून दिला होता. विडंबनकाराने पहिल्या प्रकरणाची शैली आत्मसात केली. त्या प्रकरणाला मात्र त्याच्यापाशी उत्तर नव्हते.