रोमनांचे 'हरवलेले' काँक्रीट आणि नॅनोसिलिका

रोमन काँक्रीटचे रहस्य काळाच्या उदरात गडप झाले, हा दावा समाजमाध्यमांवर वारंवार डोके वर काढतो. वास्तविक इ.स.पूर्व पहिल्या शतकातील विट्रुव्हिअस या वास्तुविशारदाने ते आपल्या ग्रंथात उघडपणे लिहून ठेवले आहे. समुद्रातील बांधकामासाठी नेपल्सच्या आखाताकाठची ज्वालामुखीय राख दोन भाग आणि चुना एक भाग.

हेरोद राजाने इ.स.पूर्व २२ च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर कैसरिया बंदर बांधायला घेतले, तेव्हा ही राख सुमारे २००० किलोमीटरवरून, इटलीहून जहाजांनी आणवली गेली. लाकडी साचे पाण्यात उतरवून त्यांत राख, चुना आणि दगडांचे तुकडे भरण्यात आले. भुकटीसाठी एवढा खटाटोप का?

साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो. पाण्याखाली तो तसाच मऊ राहतो. राखेतील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मात्र पाण्यातच चुन्याशी संयोग पावतात. (आपल्याकडे चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळत, तर्क तोच.) २०१७ मध्ये मेरी जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, रोमन धक्क्यांत झिरपलेल्या समुद्रजलामुळे टोबरमोराइट आणि फिलिप्साइट ही खनिजे आतल्या आत वाढत गेली. जे पाणी भिंत पोखरते, त्यानेच इथे ती सांधली.

ही विद्या पुढेही लुप्त झाली नाही. १७५९ मध्ये पूर्ण झालेल्या इंग्लंडमधील एडिस्टन दीपगृहासाठी जॉन स्मीटन याने इटलीचीच राख वापरली.

१८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पेटंट घेतलेल्या पोर्टलँड सिमेंटने बांधकाम सोपे केले. पण पाण्याशी अभिक्रिया होताना आजच्या सिमेंटमध्येही कॅल्शियम हायड्रॉक्साइड उरतो. वाहते पाणी तो हळूहळू विरघळवून नेते आणि मागे छिद्रे राहतात. त्यावर उपाय पुन्हा सिलिकाच, फक्त अधिक बारीक. भट्ट्यांच्या धुरातून मिळणारी सिलिका फ्यूम सिमेंटच्या कणापेक्षा सुमारे शंभरपट लहान असते. पेनसिल्व्हेनियातील किंझुआ धरणाच्या पायथ्याचे, पाण्याच्या माऱ्याने झिजलेले काँक्रीट १९८३ मध्ये तिच्याच साहाय्याने दुरुस्त झाले.

नॅनोसिलिकाचे कण याहूनही सूक्ष्म, काही ते काही दशक नॅनोमीटरचे. ते छिद्रे बुजवतात, उरलेला चुना बांधून घेतात आणि नव्या बंधक पदार्थाला वाढीचे बीजही पुरवतात. मात्र ते नीट विखुरले नाहीत तर गुठळ्या होतात, आणि जिथे गुठळी तिथे कमकुवत जागा. शिवाय महाग.

म्हणून रोमनांशी सरळ तुलना करणारे एक गोष्ट विसरतात. आजच्या काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. समुद्रातील क्लोराइड तिथवर पोहोचले की त्या गंजून फुगतात आणि काँक्रीटला तडे देतात. सळईपर्यंतची ती वाट अरुंद करणे, हेच नॅनोसिलिकाचे मुख्य काम. कैसरियाच्या धक्क्यांत गंजायला सळईच नव्हती.