लष्करी स्फोटके

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. पहिल्याने किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेर ढासळला आणि हल्ल्यासाठी खाली टपलेले मोगल सैन्यच चिरडले गेले. किल्ला मात्र त्याच महिन्यात मोगलांच्या हाती गेला.

या सुरुंगांत होती काळी दारू, म्हणजे मंद स्फोटक. ती झपाट्याने जळते. कोंडलेला वायू जिकडे विरोध कमी तिकडे फुटतो. दमटपणाने ती निकामी होते. टीएनटी व आरडीएक्स ही उच्च स्फोटके. त्यांत आघाततरंग सेकंदाला अनुक्रमे सुमारे ६,९०० व ८,७०० मीटर वेगाने धावतो, त्यामुळे कोंडण्याची गरज उरत नाही. टीएनटी धक्क्याला दाद न देणारे, सुमारे ८० अंश सेल्सिअसला वितळणारे. आरडीएक्स अधिक जोरदार, पण धक्क्याला अधिक हळवे, म्हणून मेण वा प्लास्टिकसारखे पदार्थ मिसळून वापरतात. नुसत्या जोरापेक्षा लष्कर साठवणुकीतील स्थैर्याला अधिक मोल देते, आणि ते रास्तच. पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा याच क्षेत्रात काम करते.