रोपाला पिशवी कुठून आली

जूनअखेरीस पौड रस्त्यावर रोपवाटिकांपुढे गाड्या थांबू लागतात. डिकीत काळ्या पिशव्यांतले आंबे, चिकू, सोनचाफे चढतात आणि मुळशीच्या डोंगरउतारावरच्या एखाद्या नव्या बंगल्याच्या आवारात उतरतात. त्याच आठवड्यांत, त्याच रस्त्याने ताम्हिणीच्या बाजूला गेलं तर खाचराखाचरांतून भाताची असंख्य रोपं उपटली जात असतात. मुळांवरची माती पाण्यात खळबळून धुतात, मुठी बांधतात आणि चिखलात लावतात. तिथे पिशवीची गरज कुणालाच भासत नाही. बागेसाठी रोप उघड्या मुळांचं घ्यावं की पिशवीतलं, या प्रश्नाचं उत्तर मला या दोन दृश्यांमधल्या अंतरात दिसतं. पिशवी झाडाच्या गरजेतून कमी आणि रोपवाटिका व खड्डा यांच्यातल्या अंतरातून जास्त जन्मली आहे.

मुळशीचं जुनं ज्ञान उघड्या मुळांचं आहे, आणि ते राबापासून सुरू होतं. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याचा रोख बघून जाळायचं. तणाचं बी जळतं, राख मिसळते, माती भुसभुशीत होते. अशा मातीत भात पेरला की रोप उपटताना मुळं कमी तुटतात. या टहाळ्यांवर इंग्रज वनखात्याने बंधनं घातली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. झाडाच्या फांद्यांवरून झालेलं ते भांडण खरं तर रोपाच्या मुळांसाठीचं होतं.

लावणी जवळून पाहिली की कळतं, सगळा खेळ वेळेचा आहे. तीन-चार आठवड्यांचं रोप, सकाळी उपटलेलं, शक्यतो त्याच दिवशी चिखलात. मूठ बांधावर पडली तरी तिची मुळं ओली राहिली पाहिजेत. लावल्यावर रोप काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं, मग सावरतं. उपटताना तुटलेल्या बारीक मुळांच्या जागी भात बुडख्याच्या पेऱ्यांतून नवी मुळं भराभर फेकतो. वर पाऊस, खाली चिखल आणि राब शेजारच्याच खाचरात! आंबेमोहोर या मुलखात पिढ्यान्पिढ्या असाच लावला गेला. १९२१ ते १९२४ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने ज्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला, त्या याच खाचरांच्या होत्या. टाटांच्या धरणाखाली त्यांतली कितीतरी गेली.

झाडांबाबतही जुनी पद्धत उघड्या मुळांचीच होती. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत रोप हलवताना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यायला सांगतो. फांद्या न फुटलेलं झाड शिशिरात, फांद्यांचं हेमंतात आणि चांगल्या खोडाचं पावसाळ्याच्या तोंडावर हलवावं, असंही तो म्हणतो. लेपातल्या प्रत्येक जिनसाचं समर्थन मी करणार नाही, पण त्यामागची चिंता अगदी आजची आहे: हवेत आलेलं मूळ सुकू द्यायचं नाही.

युरोपातल्या बागवानाला ही चिंता कमी, कारण तिथे हिवाळ्यात पानगळीची झाडं झोपतात. नोव्हेंबर ते मार्च गुलाब, सफरचंद उघड्या मुळांनी गठ्ठ्यात पाठवता येतात. आपल्याकडे लावणीचा काळ हा वाढीचाच काळ. आंबा, फणस, जांभूळ कधी पुरते झोपत नाहीत. त्यांची पानं पाणी मागतच राहतात. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे चालत नाही.

कुंडी फळबागेत शिरली ती कलमामुळे. भेटकलमात खुंटाचं रोप मातृवृक्षाजवळ न्यावं लागतं. दोघांच्या फांद्या तासून बांधायच्या आणि जुळेपर्यंत दोन-तीन महिने तसंच ठेवायचं. उघड्या मुळांचं रोप इतके दिवस कसं टिकणार? मग खुंट कुंडीत वाढवून झाडाखाली किंवा माचावर ठेवू लागले. पुण्यात गणेशखिंडीची सरकारी बाग १८७३ साली उभी राहिली. अशा कलमांना लागणारे आंब्याचे जुने मातृवृक्ष तिथे आजही आहेत. लांबच्या प्रवासासाठी तोवर आणखी एक युक्ती निघाली होती. लंडनच्या डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांनी १८३३ मध्ये काचेच्या बंद पेट्यांतून नेचे सिडनीला पाठवले आणि ते जगले. झाड आपल्या मातीसकट बंद पेटीत दूरच्या प्रवासाला निघालं ते तेव्हापासून.

पण कुंडी जड आणि फुटणारी, पेटी महाग. मधल्या काळात गवतात बांधलेला मातीचा गड्डा, बांबूची टोपली, तेला-तुपाचे रिकामे डबे असं काय काय चाललं. मग पॉलिथीनची पिशवी आली आणि हे सगळं मागे पडलं. ती हलकी, स्वस्त, ट्रकात रचता येणारी आणि मोजता येणारी. हे मोजता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९० पासूनची रोजगार हमीतली फळबाग योजना असो की २०१९ चं तेहतीस कोटी वृक्षांचं उद्दिष्ट, रोप वेगळं करून, मोजून, गावोगाव पोचवता आल्याशिवाय असे आकडे मांडताच आले नसते.

तरी उघडी मुळं संपली नाहीत. वनखात्याची सागजडी बघा: वर्षभराच्या रोपाचं बोटाएवढं जाड मूळ, वर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोड, पान एकही नाही. पहारीने भोक पाडून ती ठोकतात आणि पावसात ती फुटते. पानच नसल्यामुळे मुळावर भार नाही. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, तीच सवय इथे उपयोगी पडली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रूढ केलेल्या कोय कलमात तर दोन्ही पद्धती एकत्र आल्या. पंधरवड्याचं तांबूस पानांचं रोप कोयीसकट उपटतात, त्यावर कलम बांधतात आणि मगच ते पिशवीत लावतात.

पिशवीची खरी कड घ्यावी ती रोगाच्या बाबतीत. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं जमिनीतून उपटून उघड्या मुळांनी विदर्भभर गेली. जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशीही अशा मुळांबरोबर प्रवास करते. म्हणून नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेने निर्जंतुक मातीतल्या पिशवीचा आग्रह धरला, आणि तो रास्त आहे.

मुळशीत बाग करणाऱ्याला मी म्हणेन, शेवगा, पांगारा, पांढरा चाफा यांचं पिशवीतलं रोप विकत घेऊच नये. गावातून फांदी आणावी आणि पावसाआधी खोचावी. वांगी, मिरची, झेंडूची रोपं शेजाऱ्याच्या वाफ्यातून संध्याकाळी उपटून लगेच लावावीत. आंबा, फणस, जांभूळ, सोनचाफा मात्र पिशवीतलेच घ्यावेत, आणि उंचीला भुलू नये. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या उंच झाडाचं सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं. जांभा-मुरमाच्या उतारावर ते खाली जातच नाही आणि चार पावसाळ्यांनी झाड वाऱ्याला कलतं. विक्रेत्याला एक पिशवी कापून मुळं दाखवायला सांगावं. पांढरी टोकं बाहेर डोकावत असतील तर रोप घ्यावं. वेटोळी दिसली तर शेजारचं फूटभर उंचीचं रोप मागावं, ते स्वस्तही मिळतं.