अंजदीवचा झरा

वाचन : उत्पत्ती २६:१७-२२, योहान ४:५-२४

कारवारच्या दक्षिणेला बिणगा नावाचे गाव आहे. त्याच्या समोर, किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, समुद्रात एक हिरवी टेकडी उभी दिसते. तेच अंजदीव. बेट जेमतेम दीड चौरस किलोमीटरचे. किनारा कर्नाटकाचा, पण बेट गोव्याच्या काणकोण तालुक्यातले. आपल्या बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करीत अणशी घाट उतरला की कारवार येते. गोव्याकडून येणाऱ्यांना पोळे-माजाळी ओलांडून काळी नदीचा पूल लागतो. एवढ्या जवळच्या या बेटावर आज मात्र कोणाला सहज जाता येत नाही. ते नौदलाच्या ताब्यात आहे. तिथल्या चर्चमध्ये २ फेब्रुवारीला फेस्त व्हायचे, ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चॅपेलमध्ये दुसरे. लोक होड्यांतून जात. ती वहिवाट आता खंडित झाली आहे.

म्हणून या महिन्यात किनाऱ्यावरूनच अंजदीवचा इतिहास पाहू या. आपल्याकडे या बेटाविषयी एक अभिमानाचे वाक्य नेहमी ऐकू येते : भारतातली पहिली मिस्सा इथे झाली. खरा इतिहास याहून मोठा आहे आणि अधिक अवघडही आहे.

चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या या खडकावर गोडे पाणी मिळते. अरबी समुद्रातले खलाशी ते फार पूर्वीपासून जाणून होते. वास्को द गामा १४९८ च्या सप्टेंबरअखेर परतीच्या वाटेवर इथे थांबला. त्याने पिंपे भरून घेतली, गलबताचा तळ साफ करून घेतला आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे निघाला. तो प्रवास तीन महिने चालला आणि वाटेत स्कर्व्हीने त्याची बरीच माणसे दगावली. अंजदीवचे पाणी हे त्यातल्या कित्येकांनी प्यालेले जमिनीवरचे शेवटचे पाणी ठरले.

याच मुक्कामात एक माणूस त्यांना भेटायला आला. तो जन्माने यहुदी, त्याचे घराणे पोलंडकडचे असे सांगतात. गोव्याच्या मुसलमान अधिपतीच्या पदरी तो नोकरीला होता. त्याने गोड बोलून ओळख करून घेतली, पण पोर्तुगीजांना तो हेर असल्याचा संशय आला. त्याला बांधून मारहाण झाली आणि त्याच्याकडून कबुली घेतली गेली. मग त्याला लिस्बनला नेले. बाप्तिस्म्यानंतर त्याचे नाव झाले गास्पार द गामा, म्हणजे पकडणाऱ्याचेच आडनाव. पुढे तो दुभाषा म्हणून नावाजला. अंजदीवशी नाव जोडले गेलेला पहिला बाप्तिस्मा असा आहे, आणि त्याची सुरुवात फटक्यांपासून होते. हे सांगताना आपल्याला संकोच वाटतो, आणि तो वाटायला हवा. ज्या प्रभूने कोणाचेही दार फोडले नाही, नुसते ठोठावले, त्याच्या नावाने हे झाले.

दोन वर्षांनी, १५०० च्या ऑगस्टमध्ये, काब्रालचा ताफा इथे आला. त्यात आंरीक द कोइंब्रा यांच्या नेतृत्वाखाली आठ फ्रान्सिस्कन धर्मबंधू होते. सुमारे पंधरा दिवसांच्या मुक्कामात मिस्सा झाली, खलाशांनी पापनिवेदन करून ख्रिस्तशरीर घेतले. ‘पहिली मिस्सा’ म्हणतात ती ही.

पण ती पहिली नव्हती. केरळातले संत थॉमसचे ख्रिस्ती लोक त्याआधी कित्येक शतके सुरियानी भाषेत उपासना करीत होते. लॅटिन विधीचे म्हणाल, तर आपल्याच महाराष्ट्रातले ठाणे आठवा. तिथे १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती हुतात्मे झाले. जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. त्या माणसांजवळ ना तोफा होत्या ना ताफा. अंजदीवच्या मिस्सेचे मोल तिच्या क्रमांकात शोधण्याची गरज नाही. दमलेल्या, घरापासून लांब असलेल्या माणसांनी पाण्याकाठी थांबून देवाची आठवण केली, एवढे पुरेसे आहे. दुःख याचे, की तोच ताफा इथून कालिकतला गेला. तिथे डिसेंबरात दंगल होऊन पोर्तुगीज वखारीतली माणसे मारली गेली, त्यात काही धर्मबंधूही होते. मग काब्रालने शहरावर तोफा डागल्या.

आता वाचनातल्या इसहाकाकडे वळू. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली, जिवंत पाण्याचा झरा लागला, आणि लगेच तिथल्या गुराख्यांनी भांडण काढले. त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणली, तिच्यावरही वाद. तिचे नाव सितना. तेव्हा इसहाक पुढे सरकला आणि त्याने तिसरी खणली. तिच्यावर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा. अंजदीवचा पुढचा इतिहास हा एसेक आणि सितनाचा इतिहास आहे.

१५०५ मध्ये पहिला विजरई फ्रान्सिश्कु द आल्मेइदा याने इथे किल्ला बांधायला घेतला. वर्षभरात विजापूरकरांच्या बाजूने हल्ला झाला आणि किल्ला सोडून द्यावा लागला. पुढे शंभर-दीडशे वर्षे बेट जवळजवळ ओसाड होते.

मग आले इंग्रज. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली होती. ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन १६६२ मध्ये सुमारे चारशे सैनिक घेऊन आला, तेव्हा पोर्तुगीज विजरईने मुंबई द्यायचे नाकारले. सुरतेलाही थारा मिळेना. अखेर सैनिकांना अंजदीववर उतरवले. पावसाळा, ताप, हगवण आणि उपासमार यांनी माणसे एकामागून एक गेली. १६६४ मध्ये खुद्द शिपमन इथेच वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्या चारशेंतले शंभराच्या आसपास उरले होते. मुंबईत राहणाऱ्या आपल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे, की त्या शहराच्या इंग्रजी इतिहासाचे पहिले कबरस्तान या बेटावर आहे? तीही ख्रिस्ती माणसेच होती. एका ख्रिस्ती राजाने दिलेला शब्द दुसऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याने अडवला, आणि त्याची किंमत गरीब शिपायांनी दिली.

१६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी इथे तटबंदी करण्याचा विचार केला. गोव्याच्या इतक्या जवळ मराठ्यांचे आरमारी ठाणे नको म्हणून विजरई फ्रान्सिश्कु द ताव्हरा याने घाईने बेट घेतले आणि किल्ला उभारला. तोच पुढे टिकला. त्याच्या आवारात ‘नोसा सेन्योरा दास ब्रोतास’ हे चर्च आहे. ब्रोतास हे मूळचे पोर्तुगालातल्या एका तीर्थाचे नाव. पण पोर्तुगीज भाषेत ‘ब्रोतार’ म्हणजे फुटून वर येणे, आणि म्हणून इथल्या भाविकांनी तिला झऱ्यांची सायबीण मानले. लोकांची श्रद्धा नेमकी जागा शोधते ती अशी.

त्याआधी बेटावर देवीचे स्थान होते, असे किनाऱ्यावरचे हिंदू बांधव सांगतात. अंकोल्याजवळची आर्यादुर्गा ही मूळची अंजदीवची. पोर्तुगीजांच्या काळात भक्तांनी तिला मुख्य भूमीवर हलवले, अशी त्यांची परंपरा आहे. आपले फेस्त बंद पडल्याचे आपल्याला वाईट वाटते. तसेच वाईट आपल्याआधी कोणाला तरी वाटले होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे आपली तक्रार नम्र होते.

या सगळ्या भांडणांत एक काळ मला रहोबोथसारखा वाटतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिपू सुलतानाच्या स्वाऱ्यांच्या वेळी बिदनूर आणि सोंद्याच्या मुलखातून ख्रिस्ती आणि हिंदू, दोन्ही प्रकारचे निर्वासित या बेटावर आले. दीड चौरस किलोमीटरात त्यांना जागा झाली. किल्ला ज्यासाठी बांधला ते काम त्याने कितपत केले हा वेगळा प्रश्न. पण घाबरलेल्या माणसांना त्याने आडोसा दिला. झरा एकच होता आणि तो पाणी पिणाऱ्याचा धर्म विचारीत नव्हता.

पुढे वस्ती ओसरली. शिबंदी आणि हद्दपार केलेले कैदी, एवढेच काय ते राहिले. १९६१ च्या नोव्हेंबरात बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि नंतर मच्छीमारांच्या होड्यांवर गोळीबार झाला. एक मच्छीमार ठार झाला. १८ डिसेंबरला आयएनएस त्रिशूलवरून आपले नौसैनिक बेटावर उतरले. पांढरे निशाण दिसले होते, तरीही गोळ्या आल्या. सात जवान धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी बेट भारताचे झाले. अंजदीवकडे पाहताना त्या सातांना वगळून आपल्याला प्रार्थना करता येणार नाही.

आज बेट आयएनएस कदंब या तळाचा भाग आहे आणि लाटा अडवणाऱ्या बांधाने किनाऱ्याला जोडलेले आहे. या तळासाठी बिणगा, अरगा या पट्ट्यातल्या कितीतरी कुटुंबांनी घरे, शेते आणि मासेमारीचा किनारा सोडला. तेव्हा गमावलेले फक्त आपणच नाही. फेस्ताला परवानगी मिळावी, चर्चची डागडुजी व्हावी, ही गोव्यातल्या भाविकांची मागणी रास्त आहे आणि ती सनदशीर मार्गाने मांडत राहावी. पण देशाच्या रक्षणाची गरजही खरी आहे. दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच वेळी मनात धरणे कठीण असते. ख्रिस्ती माणसाला ते शिकावेच लागते.

दार बंद असेल तर भक्ती कुठे करायची? शोमरोनी स्त्रीने याकोबाच्या विहिरीवर हाच प्रश्न येशूला विचारला होता : या डोंगरावर की यरुशलेमेत? येशूने तिला डोंगरही दिला नाही आणि शहरही दिले नाही. आत्म्याने व खरेपणाने भजणारे पित्याला हवे आहेत, एवढे सांगितले, आणि जिवंत पाणी देऊ केले. खरेपणाने भजायचे तर अंजदीवचा सगळा इतिहास घेऊन भजावे लागेल : मिस्सा आणि मारहाण, निर्वासित आणि तोफा.

कारवारच्या बाजूला गेलात, तर बिणग्याच्या रस्त्यावरून क्षणभर त्या टेकडीकडे पाहा. आणि २ फेब्रुवारीला, मंदिरात प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, मेणबत्ती पेटवाल तेव्हा तिथल्या मृतांसाठी एक वाक्य जोडा.

प्रभू येशू, जिवंत पाण्याच्या दात्या, अंजदीवच्या मातीत निजलेल्या सर्वांना, नावाच्या आणि बिननावाच्या, तुझी शांती दे. तुझ्या नावाने केलेल्या जबरदस्तीची आम्हांला क्षमा कर. ज्यांची गावे आणि ज्यांची देवस्थाने हलली, त्यांचे दुःख आम्हांला कळू दे. आणि आमच्या घरात, आमच्या धर्मग्रामात तहानलेल्यासाठी ऐसपैस जागा कर. आमेन.