शेर : एक शब्द, दोन जनावरे

उर्दू शाळांच्या भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते असतात. 'शीन' या अक्षराखाली शेराचे चित्र. एका तक्त्यातल्या शेराला आयाळ असते, तर दुसऱ्या तक्त्यातल्या शेराच्या अंगावर पट्टे. मुले हमखास विचारतात, "यातला खरा शेर कोणता? आणि दोघांत मोठा कोण?" प्रश्न लहान मुलांचा आहे, पण उत्तर शोधायला निघालो की थेट मोगल दरबारात जावे लागते.

फारसीत 'शेर' म्हणजे सिंह आणि 'बब्र' म्हणजे वाघ. इराणात दोन्ही जनावरे होती, त्यामुळे दोन नावांची गरज होती. हा शब्द हिंदुस्थानात आला आणि इथे घोटाळा झाला. बोलीत 'शेर' वाघालाही लागू झाला आणि सिंहाला वेगळे दाखवायचे म्हणून लोक 'बब्बर शेर' म्हणू लागले. म्हणजे फारसीत जो वाघाचा शब्द, तोच आपल्याकडे सिंहाचे विशेषण झाला! मराठीने सिंह आणि वाघ ही दोन नावे जपली खरी, पण आपल्या खेड्यापाड्यांतही बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात.

अरबस्तानात पट्टेरी वाघ नव्हताच. त्यामुळे असद, हैदर, गझनफर, अब्बास ही आपल्या घराघरांतली नावे सिंहाची आहेत. हजरत अलींना 'असदुल्लाह' म्हणजे अल्लाहचा सिंह म्हणतात. पण दख्खनच्या मोहरममध्ये त्यांच्या नावाने माणूस जे सोंग घेतो, ते अंगावर पट्टे रंगवलेल्या वाघाचे. टिपू सुलतानाच्या शस्त्रांवर 'असदुल्लाह अल्‌-गालिब' ही अक्षरे गुंफली आहेत, तीही वाघाच्या मुखवट्याच्या आकारात. शब्द अरबस्तानातल्या सिंहाचा, रूप मात्र म्हैसूरच्या जंगलातल्या वाघाचे. आपल्या पूर्वजांनी श्रद्धा बाहेरून घेतली, पण तिला चेहरा दिला तो डोळ्यांसमोरच्या जनावराचा.

श्रद्धेत हे खपून जाते. इतिहासात मात्र अडचण होते. बादशहा जहांगीराचे उदाहरण घ्या. सिनेमाने त्याला अनारकलीपुरता उरवला. प्रत्यक्षात हा माणूस मोजणारा, तोलणारा आणि लिहून ठेवणारा होता. सारसाच्या जोडीला लैला-मजनू अशी नावे देऊन त्याने त्यांच्या अंड्या-पिल्लांचे निरीक्षण केले, उस्ताद मन्सूरकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली. शेर इतका शूर का, हे पाहण्यासाठी त्याने एक शेर चिरून पाहिला. त्याचे पित्ताशय यकृताच्या आत दिसले, तेव्हा शौर्याचे कारण हेच असावे असे त्याने लिहिले. हा निष्कर्ष आज टिकत नाही. पण ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः उघडून पाहण्याची वृत्ती आजही शिकण्यासारखी आहे.

त्याच्या 'तुझुक'मध्ये शिकारीचा हिशेबही आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरांची शिकार झाली. त्यांपैकी 17,167 त्याने स्वतः मारली आणि त्यात 86 शेर होते. 1617 साली त्याचा मुक्काम माळव्यात मांडूला असताना नूरजहाँने सहा गोळ्यांत चार शेर लोळवले. अलेक्झांडर रॉजर्स आणि हेन्री बेव्हरिज यांच्या इंग्रजी भाषांतरात (1909 व 1914) हे शेर वाघ झाले. त्यावरून नूरजहाँ 'वाघ मारणारी बेगम' म्हणून प्रसिद्ध झाली.

पण त्याच वर्षी, त्याच मांडूत इंग्रज वकील सर टॉमस रो राहत होता. रात्री एक जनावर येऊन त्याच्या मेंढ्या नेत असे. त्याने आपल्या रोजनिशीत त्याला 'लायन' म्हणजे सिंह म्हटले आहे. सिंहाची शिकार हा फक्त बादशहाचा हक्क असल्याने ते मारण्यासाठी त्याला परवानगी मागावी लागली. म्हणजे मांडूच्या परिसरात तेव्हा सिंह होता. मग नूरजहाँचे चार शेर कोण होते? त्या 86 मध्ये सिंह किती, वाघ किती? एका शब्दाने सारा हिशेब झाकून टाकला आहे.

आता मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मोठा कोण? आज गीरचा पूर्ण वाढलेला नर सिंह साधारण 160 ते 190 किलो भरतो. भारतातला नर वाघ साधारण 180 ते 260 किलो. खांद्याशी सिंह उंच असतो, आयाळीमुळे छातीही रुंद दिसते, म्हणून पाहणाऱ्याला तोच मोठा वाटतो. लांबीत आणि वजनात मात्र आपल्याकडे वाघ पुढे आहे. पण हाही नियम सर्वत्र लागू नाही. सुंदरबनचा वाघ बराच लहान असतो. उलट आफ्रिकेत 1936 साली ट्रान्सवालमध्ये मारलेला एक सिंह 313 किलोंचा होता. कोणत्या जंगलात कोणते सावज मिळते, त्यावरही अंगाचा आकार ठरतो.

जुन्या शिकाऱ्यांचे आकडे वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. मेलेले जनावर आडवे करून नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंटी ठोकून मधले सरळ अंतर मोजले, तर ते खरे माप. काही जण पाठीच्या वळणावरून फीत फिरवत आणि तेवढ्यानेच वाघ काही इंच वाढे. वजनाचेही तसेच. 1967 साली उत्तर प्रदेशात मारलेला वाघ 388 किलोंहून अधिक भरला, पण आदल्या रात्री त्याने रेडा खाल्ला होता.

कोणी म्हणेल, या मापांचा आज काय उपयोग? 2013 साली वाल्मिक थापर यांनी रोमिला थापर आणि युसुफ अन्सारी यांच्यासह एक पुस्तक काढले. सिंह मूळचा इथला नाही, राजे-बादशहांनी तो बाहेरून आणला, असे त्यात मांडले आहे. अशा वेळी 'शेर' म्हणजे कोण, हा प्रश्न शब्दकोशापुरता राहत नाही. आणि इथे माप साक्षीला येते. गीरचा सिंह आफ्रिकेच्या सिंहाहून सरासरीने लहान, त्याची आयाळ विरळ, पोटाखाली कातड्याची लांब घडी. हा वेगळेपणा चार-दोन पिढ्यांत येत नाही. जनुकांचा अभ्यासही सांगतो की, हे दोघे हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झाले. ज्याला परका म्हटले, त्याच्या अंगावरच इथल्या मातीची खूण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सिंह फक्त जुनागढच्या नवाबांच्या गीरमध्ये उरला. नवाबांनी शिकारीवर निर्बंध घातले, म्हणून तो वाचला. 2025 च्या गणनेत गुजरातमध्ये 891 सिंह मोजले गेले. 2022 च्या गणनेत देशात किमान 3,167 वाघ होते.

म्हणून मुलांना सांगावे, दोन्ही तक्ते बरोबर आहेत. आयाळवालाही शेर, पट्टेवालाही शेर, आणि दोघेही इथलेच. वजनाने वाघ मोठा, उंचीने सिंह. पण कोणी "शेर" म्हणाला की लगेच मान डोलवू नये. आधी विचारावे, कोणता शेर, कुठला, आणि मोजला कोणी?