‘शे’ म्हणजे काय?

मोसम नदीच्या काठी नामपूरच्या बाजारात कुणाला "काय शे?" म्हणून विचारा, तो सरळ उत्तर देईल. ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे बागलाणातल्या पोरालाही ठाऊक. पण नुसत्या मराठी मजकुरावर पोसलेल्या संगणकाला ते ‘शे’ शंभराचेच वाटायचे! त्यात यंत्राचा काय दोष? जे वाचायला दिले, तेच ते शिकते.

आणि अहिराणी कागदावर आली तरी किती? ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात भिल्ली भाषांबरोबर खानदेशीचीही नोंद झाली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांवर भरले. मोजदाद झाली खरी. मजकूर मात्र त्या मानाने थोडाच.

पश्चिम आफ्रिकेत सोलोमाना कांते यांनी १९४९ साली मांदिंग भाषांसाठी न्को नावाची लिपीच नवी घडवली. ती युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, यायला २००६ साल उजाडले. आपली देवनागरी तिथे १९९१ पासूनच आहे. तेव्हा अक्षरांवाचून आपले अडले नाही. अडले ते लिहिण्यापाशी. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी बव्हंशी तोंडीच राहिली, आणि वहीतल्या ‘शे’वर तांबडी रेघ आली.

गुरुजी, मुलांकडून आजीच्या गोष्टी तिच्याच शब्दांत लिहवून घ्या. खाली गाव आणि साल मात्र टाका; नामपूरची अहिराणी आणि धुळ्याची अहिराणी हुबेहूब एक नव्हे.