कुवेतहून परतलेली माणसे

कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत 'कुवेत' हे नाव कुणाला नकाशात शोधावे लागत नाही. १९७० नंतरच्या दशकात तेलाचे भाव वाढले आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून माणसे आखातात गेली. त्या कमाईवर घरे बांधली गेली, बहिणींचे निकाह झाले. हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९९० साली हीच माणसे रिकाम्या हातांनी परतली, ते मात्र आपण फारसे लिहिले नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेव्हा तेथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. पाहता पाहता भक्कम कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला गेला आणि वर्षानुवर्षांची बचत मातीमोल झाली. अनेकांचे पासपोर्ट कफीलकडे अडकलेले होते. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. कुवेतमध्ये मॅथ्युनी मॅथ्यूज यांच्यासारख्या भारतीयांनी समिती स्थापून अन्नाची आणि बसगाड्यांची सोय केली.

बसरा, बगदाद करीत माणसे जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचली. रुवैशिदजवळच्या वाळवंटात तंबू पडले. भारतीयांबरोबर इजिप्त, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपाइन्सचे मजूरही तेथे होते. पाण्याची कायम टंचाई असलेल्या त्या छोट्या देशाने लाखो परक्यांना आसरा दिला. रेड क्रेसेंट आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था मदतीला आल्या. अम्मानहून मुंबईकडे एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून १ लाख ११ हजारांहून अधिक लोकांना मायदेशी आणले.

हा पराक्रम मोठाच. पण मदतीची कहाणी विमानतळावर संपत नाही. निर्वासिताला निदान छावणी मिळते. परतलेल्याला लोक म्हणतात, 'सुखरूप घरी आलात, शुक्र करा.' त्याच्यामागचे कर्ज, अर्धवट घर, मुलांची फी कुणाला दिसत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत सोडावे लागलेल्यांना ठराविक रकमा मंजूर झाल्या. पण दावा आपापल्या सरकारमार्फत करायचा आणि कुवेत सोडल्याचा पुरावा जोडायचा होता. ज्याचे कागदच कफीलकडे राहिले, त्याने काय जोडायचे? शिवाय हा पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापला जात होता. म्हणजे एका लुटलेल्या घराची भरपाई निर्बंधांनी पिचलेल्या दुसऱ्या घरातून होत होती. हा हिशेब २०२२ साली मिटला.

२०१६ साली 'एअरलिफ्ट' चित्रपट आला तेव्हा आपण एका नायकासाठी टाळ्या वाजवल्या. खरी गोष्ट आपल्याच घरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत आहे. जुने पासपोर्ट, पिवळी पडलेली पत्रे, चलनातून गेलेल्या नोटा. त्या काळची तरुण माणसे आज म्हातारी झाली आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकले पाहिजे, लिहून घेतले पाहिजे. उद्या पुन्हा कुठे युद्ध पेटेल आणि माणसे परततील. विमानातून उतरल्यानंतर त्यांना काय लागते, हे या बुजुर्गांखेरीज आपल्याला कोण सांगणार?